व्हिडिओ कुठे थांबवायचा, हे कोण ठरवणार?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पुण्यातील पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांची वीसहून अधिक वर्षे नोकरी झाली आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी देणगी जमवून काही वर्गांत इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोट लावून चालणारे मोठे पडदे) बसवून दिले. उरलेल्या रकमेतून एका कंपनीचा सर्व इयत्तांचा तयार व्हिडिओसंच घ्यावा, असे व्यवस्थापनाच्या मनात आहे. शिवाय प्रत्येक शिक्षकाने दरमहा चार ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’ स्वतः तयार करावेत, अशी तोंडी सूचना आली आहे. एक तरुण सहकारी ॲनिमेशन आणि संगीत घालून असे व्हिडिओ करतो आणि ते मुलांना आवडतात. प्रशिक्षणात ‘व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा मोठा नको’ असे सांगितले गेले. वर्गातील बरीच मुले जनता वसाहत आणि दांडेकर पुलाच्या परिसरातून येतात. त्यांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. बाई लिहितात की मुले पडद्याकडे टक लावून पाहतात, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर काही सांगता येत नाही. विरोध केला तर आपण जुनाट ठरू आणि होकार दिला तर वर्ग आपल्या हातातून जाईल, अशा पेचात त्या आहेत.

उत्तर

नमस्कार बाई,

तुमचे पत्र सावकाश वाचले. त्यात तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत: व्हिडिओने मुले शिकतात का, ते व्हिडिओ कोणी करावेत, आणि हे सगळे आल्यावर वर्गात तुमचे काय उरेल. तिसऱ्या प्रश्नाची धास्ती पहिल्या दोन प्रश्नांवरही पसरली आहे, म्हणून तो मी मागे ठेवतो. आधी तुमच्या पत्रातले एक वाक्य घेतो, जे तुम्ही जाता जाता तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मुले टक लावून पाहतात, पण दुसऱ्या दिवशी सांगू शकत नाहीत. व्यवस्थापनाच्या सगळ्या प्रस्तावात नसलेली सर्वांत मोलाची माहिती या एका वाक्यात आहे, आणि ती फक्त तुमच्यापाशी आहे.

मुलांचे डोळे पडद्यावर आहेत म्हणजे ती शिकत आहेत, असे आपण सहज गृहीत धरतो. दंगा नाही, कुजबुज नाही, मागच्या बाकावरचा मुलगाही मान वर करून बघतो आहे, हे दृश्य कोणत्याही शिक्षकाला सुखावणारेच असते. परंतु चांगला व्हिडिओ इतका सुरळीत वाहतो की पाहणाऱ्याला सगळे समजल्यासारखे वाटत राहते आणि त्या वाटण्याची परीक्षा घेणारे मध्ये काहीच येत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना तो वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. गंमत अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. व्हिडिओच्या बाबतीत असाच प्रयोग श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. ध्वनिचित्रित व्याख्यानाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर लहानशी चाचणी घेतली, तेव्हा विद्यार्थ्यांचे मन कमी भरकटले, टिपणे अधिक घेतली गेली आणि शेवटची चाचणीही चांगली गेली. तुमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी जे हरवते, ते कुठे हरवते याचा अंदाज यावरून यावा. पाहणे आणि सांगणे यांच्यामध्ये मुलांना स्वतः काही करायला लागलेच नाही.

दुसरे गृहीत ‘इंटरॅक्टिव्ह’ या नावाभोवतीचे आहे. पॅनलला बोट लावले की चित्र हलते, म्हणून तो वर्ग इंटरॅक्टिव्ह झाला असे समजले जाते. प्रत्यक्षात एक मुलगी पुढे येऊन हृदयाच्या कप्प्यांची नावे ओढून योग्य जागी ठेवते आणि बाकीचे पन्नास जण तिची पाठ बघत बसतात. या कामात एकटीच्याच डोक्याला चालना मिळाली. एरवी ज्याला इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ म्हणतात तो ठरावीक जागी थांबतो, प्रश्न विचारतो, उत्तर चुकले तर मागचा भाग पुन्हा दाखवतो किंवा वेगळ्या स्पष्टीकरणाकडे नेतो. यासाठी २०१३ पासून उपलब्ध असलेले एचफाइव्हपी हे मुक्त स्रोत साधन अनेक शिक्षक वापरतात. साध्या व्हिडिओवर ठरवलेल्या क्षणी प्रश्न चिकटवण्याची सोय त्यात आहे. संगणक कक्षात प्रत्येक मुलासमोर यंत्र असेल तर ते उत्तमच. पण वर्गात एकच पडदा आणि पन्नास मुले असतील, तर थांबवण्याचे काम तुमच्या हातातल्या रिमोटनेही तितकेच चांगले होते. मी तर म्हणेन अधिक चांगले होते, कारण मुलांचे चेहरे बघून थांबायची जागा बदलणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जमत नाही.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगून तुमचे काम होणार नाही, म्हणून दहावीच्या पुस्तकातला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ घेऊ. एका नेहमीच्या व्हिडिओत टेबलावर पेटती मेणबत्ती आहे, मध्ये बहिर्गोल भिंग उभे केले आहे आणि पलीकडे पांढऱ्या पडद्यावर ज्योतीची उलटी, ठसठशीत प्रतिमा पडली आहे. आता एक हात काळा पुठ्ठा घेऊन येतो आणि भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकू लागतो. तयार व्हिडिओत पुढच्या दोन सेकंदांत उत्तर दिसते आणि निवेदक कारणही सांगून टाकतो. तुम्ही मात्र पुठ्ठा भिंगापर्यंत पोहोचण्याआधीच चित्र थांबवा आणि विचारा, ‘पडद्यावर काय दिसेल? वहीत लिहा, शेजारी विचारू नका.’ दोन मिनिटे वर्गात शांतता राहू द्या. मग फळ्यावर चार पर्याय लिहा: अ, प्रतिमेचा वरचा अर्धा भाग नाहीसा होईल, ब, खालचा अर्धा भाग नाहीसा होईल, क, प्रतिमा पूर्ण राहील पण फिकी होईल, ड, काहीच फरक पडणार नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची अ-ब-क-ड अक्षरे लिहिलेली कार्डे प्रत्येक मुलाकडे असतील, तर एकाच वेळी सगळ्यांना हात वर करायला सांगता येते आणि वर्ग नेमका कुठे उभा आहे ते एका नजरेत कळते.

‘अ’ आणि ‘ब’ची कार्डे भरपूर दिसतील, आणि त्यात हुशार मुलेही असतील. त्याचे कारण त्यांच्या आकृतीत आहे. किरणाकृती काढताना आपण ज्योतीच्या टोकापासून दोनच किरण काढायला शिकवतो. प्रतिमेची जागा शोधण्याची ती सोय असते, पण मुलांना वाटते की खरोखर तेवढेच किरण निघतात आणि वरचा किरण अडला की तेवढी प्रतिमा गेली. वास्तविक ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतात. अर्धे भिंग झाकले तरी उघडा राहिलेला अर्धा भाग प्रत्येक बिंदूची प्रतिमा तयार करतच राहतो. पोहोचणारा प्रकाश तेवढा कमी होतो, म्हणून प्रतिमा पूर्ण पण फिकी दिसते. हे तुम्हाला अर्थातच ठाऊक आहे. मुद्दा असा, की थांबलेल्या त्या दोन मिनिटांनी आकृतीतून तयार झालेली एक खोल चूक उघड्यावर आणली, आणि हे काम सलग चाललेला सुंदरातला सुंदर व्हिडिओ कधीच करत नाही. पर्याय तयार करताना म्हणूनच चुकीचे पर्याय उगीच भरीला घालू नका. तुमच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे दिसलेल्या चुका तिथे आणा. त्या तुमच्याइतक्या कोणत्याही कंपनीला माहीत नाहीत.

आता याच ठिकाणी आणखी एक पाऊल पुढे जाता येते. ‘अ’वाल्या मुलाला ‘ब’वाल्याशी वाद घालू द्या आणि मग व्हिडिओ पुन्हा सुरू करूच नका. प्रयोगशाळेतली भिंगे गटागटांत वाटा, खिडकीची प्रतिमा समोरच्या भिंतीवर किंवा पांढऱ्या कागदावर पाडायला सांगा आणि अंगठ्याने अर्धे भिंग झाकून बघू द्या. निकाल भिंगाने द्यावा. त्यानंतर व्हिडिओचा उरलेला भाग दाखवला तर तो उजळणीचे काम करेल. ‘भिंगच द्यायचे होते तर व्हिडिओ कशाला?’ असे तुमच्या मनात येईल. पन्नास मुलांना एकाच क्षणी, सारख्याच स्पष्टपणे एक प्रसंग दाखवून तो नेमक्या जागी गोठवायला व्हिडिओ हवा. ज्योतीची प्रतिमा उजेडाच्या वर्गात शेवटच्या बाकावरून दिसत नाही, हा तुमचाही अनुभव असेल.

यातून निवडीचा एक ढोबळ नियम निघतो. जे मुलांच्या हातात देता येते, ते पडद्यावर उरकू नये. पेशीविभाजन, भूपट्टांची हालचाल, उपग्रहाची कक्षा, घातक रसायनांची अभिक्रिया, अशा हाताबाहेरच्या गोष्टींसाठी पडदा राखून ठेवावा. मध्ये एक पट्टा उरतो, जिथे एखादी गोष्ट बदलून काय होते ते मुलांनी पुन्हा पुन्हा करून बघायचे असते. तिथे व्हिडिओपेक्षा आभासी प्रयोग सरस ठरतात. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाचे अनेक आभासी प्रयोग मराठीत विनामूल्य मिळतात आणि उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. आणि आपल्या पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या ज्या छोट्या फिती केल्या, त्या मला कितीतरी चकचकीत ॲनिमेशनांपेक्षा मोलाच्या वाटतात. त्यांची मराठी आवृत्तीही आहे, आणि फीत संपली की बघणाऱ्याचा हात आपोआप काडेपेटी किंवा स्ट्रॉ शोधू लागतो.

सहा मिनिटांच्या नियमाचे दडपण घेऊ नका. तो आकडा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून प्रसिद्धीस आला. त्यात ‘एडएक्स’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्हिडिओ लोक किती वेळ बघतात हे मोजले होते आणि सहा मिनिटांहून लहान व्हिडिओ सर्वाधिक बघितले गेले असे आढळले. घरी एकट्याने, आपल्या मर्जीने, हवे तेव्हा बंद करता येईल अशा पडद्यासमोर बसलेल्यांचे ते वर्तन आहे. किती वेळ बघितले हे त्यात कळते, किती शिकले हे त्याच आकड्यावरून ठरत नाही. तुमच्या वर्गात बाई उभ्या असताना आणि दर तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबत असताना बारा मिनिटांची फीतही पूर्ण तास पुरते. मात्र एका थांब्याला एकच प्रश्न आणि एका तासाला तीनपेक्षा जास्त थांबे नकोत, असे मी सुचवेन. नाहीतर मुले उत्तर शोधायचे सोडून पुढचा थांबा कधी येतो याचीच वाट बघू लागतात.

घरच्या फोनबद्दल तुम्ही लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता त्याच्याशी मात्र नाही. ‘घरी बघून या, वर्गात चर्चा करू’ ही पद्धत तुमच्या शाळेत अन्यायाची ठरेल, कारण संध्याकाळी वडील घरी येईपर्यंत फोन नाही आणि आल्यावर तो भावंडांत वाटला जातो. पण म्हणून व्हिडिओच नको असे होत नाही. बघण्याचे काम शाळेच्या वेळेत आणा आणि घरी कागद जाऊ द्या. व्हिडिओबरोबर एक पाठपोट पान तयार करा. डाव्या रकान्यात थांब्याच्या क्षणाचे साधे रेखाचित्र, मधल्या रकान्यात ‘मला काय वाटले’, उजव्या रकान्यात ‘काय झाले आणि का’. घरी मुलाने हे पान समोर ठेवून आईला किंवा मोठ्या बहिणीला तो प्रसंग सांगायचा, एवढाच गृहपाठ. दुसऱ्या दिवशी सांगता न येण्याचा तुमचा प्रश्न इथेच बराच सुटेल. जे मूल गैरहजर होते त्याच्यासाठी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष अर्धा तास उघडा ठेवता आला तर मुख्याध्यापिकांशी बोलून बघा.

तरुण सहकाऱ्याविषयी तुमच्या लिहिण्यात थोडा कडवटपणा आहे, तो समजण्यासारखा आहे. मुलांना त्यांचे व्हिडिओ आवडतात हे खरे; पार्श्वसंगीत, उडती अक्षरे आणि मध्येच येणारी विनोदी चित्रे यांनी मजा येते. रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षे केलेल्या बहुमाध्यम-शिक्षणाच्या प्रयोगांत मात्र वारंवार असे दिसले, की पाठाशी संबंध नसलेले रंजक तपशील आणि संगीत काढून टाकले तर विद्यार्थी अधिक शिकतात. डोक्यात एका वेळी मावते तेवढेच मावते आणि सजावट त्यातली जागा खाते. पडद्यावर चित्र चालू असताना निवेदनाचेच शब्द जसेच्या तसे वाचायला देऊ नयेत, असेही त्यांचे म्हणणे आहे. इथे तुमच्या वर्गाचा विचार करून थोडी सवलत घ्यावी लागेल. ज्या मुलांच्या घरी कन्नड, हिंदी किंवा वडारी बोलली जाते किंवा ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना ठळक मराठी सबटायटल्सचा आधार लागतो. अपवर्तन, नाभीय अंतर यांसारखे शब्द तर सर्वांनाच लिहिलेले दिसायला हवेत. सहकाऱ्याला हे सांगताना दोष दाखवण्याच्या सुरात सांगू नका. त्यांना संपादन येते, तुम्हाला मुलांच्या चुका माहीत आहेत. दोघांनी मिळून एक पाठ करून बघा. थांबे तुम्ही ठरवा, कापाकापी त्यांनी करावी.

दरमहा चार व्हिडिओंची सूचना मला साफ चुकीची वाटते. संख्येचे बंधन घातले की संख्या भरते, आणि शिक्षक इंटरनेटवरून उचललेल्या फितींवर स्वतःचे नाव टाकू लागतात. (दुसऱ्याचा व्हिडिओ वर्गात दाखवणे वेगळे आणि तो कापून आपल्या वाहिनीवर चढवणे वेगळे, दुसऱ्या प्रकारात स्वामित्वहक्काचा भंग होऊ शकतो, हे व्यवस्थापनाच्या कानावर घालाच.) त्याऐवजी प्रत्येक विषयगटाने एका सत्रात दोन-तीन नीट विचार केलेले पाठ करावेत, अशी विनंती लेखी करा. त्यांतला एखादा स्वतः चित्रित करावासा वाटला तर चेहरा दाखवण्याची सक्ती नाही. पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवी पट्टी टाकून त्यावर फोन खाली तोंड करून ठेवा आणि फक्त हात, वही, भिंग दिसू द्या. आधी पानभर संहिता लिहून मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो ते वाक्य तोडा. पंखा बंद ठेवा आणि शाळा भरण्याआधीची वेळ धरा, कारण बाजीराव रस्त्यावरचे हॉर्न कोणत्याही संपादनाने जात नाहीत. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्प या दृष्टीने बघण्यासारखा आहे. तिथे साधारण दहा मिनिटांच्या फिती आधी संहिता लिहून केल्या जातात, आणि शिकणाऱ्याने फीत थांबवत शेजारच्या खिडकीत तेच काम स्वतः करत जायचे असते. बघत बसण्यासाठी त्या केलेल्याच नसतात.

आता तुमच्या धास्तीकडे येतो. चित्रपट पाठ्यपुस्तकांची जागा घेईल, असे थॉमस एडिसन १९२२ मध्ये म्हणून गेला. आपल्याकडे ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगाने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शन पोहोचवले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागला आणि त्यासाठी पुणे विद्यापीठातील केंद्रातही कार्यक्रम तयार होत असत. सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला गेला. प्रत्येक वेळी शिक्षकाची गरज संपेल असे कोणीतरी म्हणाले आणि प्रत्येक वेळी शाळेला शिक्षक लागलाच. शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडलेला युक्तिवाद तर असा होता की माध्यम हे किराणा पोहोचवणाऱ्या ट्रकसारखे असते. घरच्यांचे पोषण ट्रकने सुधारत नाही, आत काय आहे त्याने सुधारते. त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि चित्र हलते दिसल्याशिवाय काही कल्पना पोहोचतच नाहीत हे मलाही मान्य आहे.

तरीही मी तुम्हाला सरसकट दिलासा देणार नाही. व्हिडिओ लावून खुर्चीत बसून वह्या तपासणाऱ्या शिक्षकाची जागा व्हिडिओ खरोखरच घेतो, आणि व्यवस्थापनाला ते आज ना उद्या दिसतेच. तुम्ही त्या वाटेने जाणाऱ्या नाहीत, हे पत्रावरून कळते. पण नुसता विरोध करून बाजूला झालात तर थांबे दुसरे कोणीतरी ठरवेल, आणि तुमच्या मुलांच्या चुका न पाहिलेला माणूस ते ठरवेल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पॅनल वापरा, तयार संचाला या वर्षी नाही म्हणा.

तयार संचाबद्दल ‘नाही’ म्हणताना कारणे हातात असावीत. कंपनीच्या प्रतिनिधीला सभेतच विचारा की व्हिडिओ बालभारतीच्या सध्याच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेले आहेत की दुसऱ्या मंडळाच्या साहित्याचे मराठी भाषांतर आहे. तसे असेल तर पारिभाषिक शब्द वेगळे निघतात आणि परीक्षेत गोंधळ होतो. व्हिडिओ हव्या त्या ठिकाणी थांबवून तिथे आपला प्रश्न घालता येतो का, इंटरनेट नसताना चालतो का, परवाना संपल्यावर शाळेकडे काय राहते, हेही विचारा. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे विशेष विचारा. एके काळी शाळांनी हौसेने घेतलेल्या कितीतरी सीडी ‘फ्लॅश’ या प्रणालीवर चालत; ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्यांतल्या अनेक निकामी झाल्या. मुलांची नावे, गुण किंवा फोन क्रमांक कंपनीच्या ॲपमध्ये भरायचे असतील तर आणखी सावध राहावे लागेल. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, अशी तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. आणि हे सर्व विकत घेण्याआधी पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड एकदा स्कॅन करून पाहावा, कारण ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरचे साहित्य फुकट आहे. त्याचा दर्जा सारखा नाही, काही फिती कंटाळवाण्या आहेत. पण थांबवून प्रश्न विचारायला फीत फार देखणी असावी लागत नाही.

मुख्याध्यापिकांपुढे मत मांडण्याऐवजी पुरावा मांडा. नववीच्या दोन तुकड्या तुमच्याकडे असतील तर ‘प्रकाशाचे परावर्तन’ या पाठाचा एकच व्हिडिओ एका तुकडीला सलग दाखवा आणि दुसरीला थांबे घेऊन. दोन्हींना वेळ मात्र सारखा द्या, म्हणजे सलग बघणाऱ्यांना उरलेल्या वेळात पुस्तक वाचू द्या. आठवड्याने, आधी न सांगता, दोन्हीकडे तीच पाच प्रश्नांची चिठ्ठी सोडवून घ्या. पुढच्या ‘ध्वनीचा अभ्यास’ या पाठाला तुकड्यांची अदलाबदल करा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही आणि ‘ती तुकडीच हुशार होती’ असे म्हणायला जागा राहणार नाही. हे काही शास्त्रीय संशोधन होणार नाही, आणि निकाल माझ्या म्हणण्याविरुद्धही जाऊ शकतो. तसे झाले तर तेही सभेत मांडा.

माजी विद्यार्थी देणगीदार असले तरी बहुतेक तुमच्याच हाताखालून गेलेले असतील, तेव्हा त्यांच्याशी बोलायला संकोच वाटू नये. उरलेल्या रकमेतून आधी चांगले स्पीकर घ्यायला सांगा. पुण्यातल्या जुन्या, उंच छताच्या वर्गांत आवाज घुमतो आणि पॅनलच्या अंगच्या आवाजाने मागे काही पोहोचत नाही. त्याखालोखाल खिडक्यांना जाड पडदे, वीज गेल्यावर तास न मोडण्यापुरता इन्व्हर्टर, आणि गटागटांना पुरतील इतकी बहिर्गोल व अंतर्गोल भिंगे. यावर फार मोठी रक्कम जाणार नाही. बाकीचे पैसे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तसेच ठेवावेत आणि दोन तुकड्यांच्या चिठ्ठ्या समोर आल्यावर संचाचा विषय पुन्हा घ्यावा, असा ठराव तुम्ही आणि तुमचे तरुण सहकारी मिळून मांडा. दोघांच्या सह्या एकाच कागदावर असल्या तर जुने विरुद्ध नवे असा रंग त्याला देता येणार नाही.